हँग झालेला लॅपटॉप आणि तू

अगं, सगळ्यात आधी प्रबंधाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरव. आत्ता, लगेच. बाकीचं नंतर वाच.

उतरवल्यास? आता नीट बस. लॅपटॉप मधूनच हँग होतोय, स्क्रीनवर रंगीत ठिपके नि पट्टे येतायत, आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या दादांनी ‘ताई, हे लिनक्स काढा, विंडोज टाकून देतो’ असं सांगितलंय. तेव्हापासून तुला वाटतंय की ट्रिस्केल हे लिनक्स टाकून आपण आगाऊपणा केला. ते मनातून काढून टाक. रॅमची पट्टी बिघडली असेल, पंख्यात धूळ साचली असेल, डिस्क शेवटाला आली असेल, तर विंडोजमध्येही तेच होणार. आणि दोष ट्रिस्केलचाच असला तर तो नेमका कुठे आहे हे बघायची मुभा तुला आहे. त्यासाठीच तर आपण मुक्त सॉफ्टवेअर निवडलं. सगळं पुसून नव्यानं टाकलं की पुरावाही पुसला जातो. म्हणून माझं ऐक, पुढच्या वेळी हँग झाल्यावर पॉवरचं बटण दाबून धरू नकोस. दोन मिनिटं थांब. तेव्हा जे दिसतं ते नंतर कितीही शोधलं तरी सापडत नाही.

पहिलं बघ, माउसचा बाण हलतो का. बाण हलतोय पण क्लिक लागत नाही, तर बहुधा एखादा प्रोग्राम किंवा डेस्कटॉप अडकलाय, खालचं सगळं जागं आहे. बाणही थांबलाय? कॅप्स लॉक दाब आणि दिवा बघ. दिवा लागला-विझला तर आत जीव आहे. नाही लागला तरी घाबरू नकोस, कारण डेस्कटॉप अडकला की दिव्याचं कामही त्याच्याबरोबर अडकू शकतं. तो आपोआप लुकलुकायला लागला तर मात्र सगळ्याच्या तळाशी असलेल्या कर्नलनंच हात टेकलेत. त्याला कर्नल पॅनिक म्हणतात.

मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाब. काळी स्क्रीन येऊन लॉगिन विचारलं तर तुझं काम बरंच सोपं झालं. नाव-पासवर्ड दे आणि ‘टॉप’ चालव. सगळा प्रोसेसर खाणारा प्रोग्राम वरच दिसेल. के दाबून त्याचा क्रमांक दिला की तो बंद होतो. डेस्कटॉपवर परतायला कंट्रोल-ऑल्ट-एफ७, काही मशीनवर एफ१ किंवा एफ२. आणखी एक सोय आजच करून ठेव. ‘ओपन-एसएसएच-सर्व्हर’ हे पॅकेज टाक, लॅपटॉपचा आयपी पत्ता वहीत लिही आणि फोनमध्ये टर्मक्स हे अ‍ॅप घे. हॉस्टेलच्या वायफायवर जमलं नाही तर फोनचा हॉटस्पॉट चालेल. लॅपटॉपची स्क्रीन गोठलेली असताना फोनवरून लॉगिन झालं, तर बिघाड ग्राफिक्समध्ये किंवा डेस्कटॉपमध्ये आहे हे जवळपास पक्कं समज. मात्र पासवर्ड भक्कम ठेव, दार उघडं राहिलंय हे विसरू नकोस.

यातलं काहीच चाललं नाही, तरीही बटण नाही. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धर (काही लॅपटॉपवर जोडीला एफएनही लागतं) आणि सावकाश, मध्ये दोन-तीन सेकंद सोडत, एस, यू, बी दाब. एसनं लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरतं, यूनं डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीनं मशीन पुन्हा सुरू होतं. तुला कुणीतरी आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं सांगेल. उबुंटूत यासाठी मुळात १७६ हा आकडा ठेवलेला असतो, म्हणजे १२८ अधिक ३२ अधिक १६, आणि तो शेवटच्या तीन अक्षरांपुरतीच परवानगी देतो. ट्रिस्केल उबुंटूवरच बेतलेलं आहे. तेव्हा पहिल्या तीन अक्षरांनी काही झालं नाही तर तुझं बोट चुकलं असं समजू नकोस.

एक प्रकार मात्र हँगसारखा दिसतो आणि हँग नसतो. डिस्कचा दिवा सतत जळतोय आणि बाण थांबून थांबून उडी मारतोय, म्हणजे रॅम भरलीय. ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक डबा माळ्यावर चढवायचा आणि लगेच लागला म्हणून खाली काढायचा, असं मशीन रॅम आणि डिस्कवरच्या स्वॅपमध्ये करत बसतं. तुझ्या ४ जीबीत ब्राउझरच्या ढीगभर टॅब, लिबरऑफिस आणि वर एखादा व्हिडिओ कॉल मावत नाही, यात कुणाचाच दोष नाही. ‘अर्लीऊम’ नावाचं छोटं पॅकेज टाक. मेमरी संपायच्या आधीच ते सगळ्यात खादाड प्रोग्राम बंद करतं. पैसे जमले की रॅमची आणखी एक पट्टी घे. जुन्या लॅपटॉपवर केलेला यापेक्षा चांगला खर्च मला माहीत नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं की ताबडतोब टर्मिनल उघड. ‘जर्नलसीटीएल’ लिही, पुढे जागा सोडून उणे-के, मग उणे-बी, मग उणे-एक. टायपिंग रोमनमध्येच करायचं. पहिली चार-पाच अक्षरं लिहून टॅब दाबलंस की उरलेली ते स्वतः भरतं. याचा अर्थ, मागच्या वेळी मशीन चालू असताना कर्नल जे जे बोललं ते दाखव. थेट शेवटाला जा. ‘जीपीयू हँग’ दिसलं तर ग्राफिक्स. ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर आत्ता सांगितलं ते. ‘आय-ओ एरर’ म्हणजे डिस्क किंवा तिची केबल, आणि तसं असेल तर दुसरं काहीही करण्याआधी उरलेल्या सगळ्या फाइलीही बाहेर काढ. ‘हार्डवेअर एरर’ शब्दशः खरं मान. आणि नोंदी साध्यासुध्या चालल्यात नि अचानक तुटल्यात, शेवटचं काही बोलायलाही वेळ मिळालेला नाही, असं असेल तर मी रॅम, उष्णता आणि वीजपुरवठा या तिघांकडे आधी बघेन. टर्मिनलचं दडपण येत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतून आहेत. कानाला मराठी पडलं की हात लवकर वळतो.

आता त्या रंगीत ठिपक्यांचं. यात मला सगळ्यात आवडणारी परीक्षा फुकट आणि अगदी सोपी आहे: गडबड दिसत असताना स्क्रीनशॉट घे. तो फोनवर पाठवून फोनमध्ये उघड. ठिपके त्या चित्रातही असतील तर ते बहुधा चित्र रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरनं काढलेत, म्हणजे ड्रायव्हर, मेसा किंवा खिडक्यांच्या सावल्या नि पारदर्शकपणा सांभाळणारा कंपोझिटर. (मेसा म्हणजे मुक्त ग्राफिक्सचा कणा. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये ते लिहायला घेतलं आणि आज लिनक्सवर मुक्त ड्रायव्हरनं काढलेलं जवळजवळ सगळं तीनमितीय चित्र त्याच्यातून जातं.) चित्र स्वच्छ असेल आणि ठिपके फक्त तुझ्या डोळ्यांना दिसत असतील, तर बिघाड चित्र बनल्यानंतरच्या वाटेवर आहे: केबल, पॅनल, किंवा पॅनलला चित्र पोचवणारा भाग. मग झाकण हळूहळू मागेपुढे कर. कोन बदलला की पट्टे बदलत असतील तर बिजागरीतून जाणारी केबल झिजलीय. बाहेरचा मॉनिटर लावून बघ. तिथे स्वच्छ दिसत असेल तर संशय आणखी पक्का. लॅपटॉप सुरू होताना, ट्रिस्केल यायच्याही आधी, बायोसच्या स्क्रीनवरच पट्टे असतील तर सॉफ्टवेअरला हातही लावू नकोस. दुकानात जाऊन ‘केबल आणि पॅनल तपासा’ असं नेमकं सांग. नेमकं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी सहसा उगाच भलतं विकत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये ठिपके सापडले तर मात्र आपलं काम सुरू. आधी माटे या तुझ्या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपोझिटिंग बंद कर, दिवसभर तसंच वापर. फक्त ब्राउझरमध्येच होत असेल तर त्याच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद कर. नवा युजर काढून त्यात बघ. तिथे सगळं ठीक असेल तर दोष तुझ्या जुन्या सेटिंगमध्ये. एखाद्या अपडेटनंतर सुरू झालं असेल तर मशीन सुरू होतानाच्या ग्रब मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचं कर्नल निवड. आणि कुणी ‘नोमोडसेट’ लिहायला सांगितलं तर ते काळ्या स्क्रीनमधून एकदा आत शिरण्यापुरतं वापर. ते कायमचं ठेवलंस तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हरच बाजूला पडतो, मग सगळं रांगत चालतं आणि तू पुन्हा मशीनला दोष देशील.

तुझ्या लॅपटॉपवर रेडिऑनचा स्टिकर आहे म्हणालीस, म्हणून पुढचं जरा सावकाश वाच. ट्रिस्केल मूळ स्पेनमधल्या गॅलिसियाचं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं मान्यता दिलेल्या मोजक्या वितरणांपैकी ते एक. त्यात साधं लिनक्स नसतं, लिनक्स-लिब्रे असतं. लॅटिन अमेरिकेतली त्या फाउंडेशनची भगिनी संस्था ते सांभाळते. ज्याचा मूळ कोड कुणालाच बघायला मिळत नाही अशी फर्मवेअर त्यातून काढून टाकलेली असतात. आणि रेडिऑनला वेगानं चालायला नेमकं तसलंच फर्मवेअर लागतं. कर्नलच्या नोंदीत ‘मिसिंग फ्री फर्मवेअर’ असे शब्द शोध. मग ‘मेसा-युटिल्स’ टाकून ‘जीएलएक्स-इन्फो उणे-बी’ (सलग शब्द, आणि इथे बी कॅपिटल) चालव आणि रेंडररची ओळ वाच. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर तुझं ग्राफिक्स कार्ड हातावर हात धरून बसलंय आणि सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर काढतोय. व्हिडिओ लावला की पंखा ओरडणं, लॅपटॉप तापणं, स्क्रीन अडखळणं, हे त्यातूनच येतं.

पण थांब, निराश व्हायच्या आधी ‘एलएसपीसीआय’ चालव. स्टिकर रेडिऑनचा असला तरी कित्येक लॅपटॉपमध्ये सोबत इंटेलचं ग्राफिक्सही असतं. तसं निघालं तर बायोसमध्ये रेडिऑन बंद करायची सोय आहे का बघ आणि इंटेलवर चालव. २०१२ चं आयव्ही ब्रिज, २०१३ चं हॅसवेल, या प्रोसेसर-पिढ्यांच्या इंटेल ग्राफिक्सला असलं फर्मवेअर लागतच नाही. म्हणून तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा जुन्या थिंकपॅड एक्स२३० वर एवढा जीव. एनव्हिडियाकडे मात्र वळू नकोस. नूवो हा मुक्त ड्रायव्हर लोकांनी कार्डाचं वागणं उलगडत, कंपनीच्या कागदपत्रांविना लिहिला, त्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे. पण २०१४ नंतरच्या कार्डांना कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर लागतं, आणि तिथे त्यांचेही हात बांधले जातात.

इंटेल नाहीच निघालं, तर? मग मोकळेपणानं सांगते. प्रबंध जमा करायची तारीख डोक्यावर असताना डेबियन वापर. २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान करून अशी फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तसं झालं. तिथे ती वेगळ्या कप्प्यात आहेत, तू काय घेतेयस ते तुला दिसतं. यात मूल्यं सोडली असं मी मानत नाही. विंडोजवर परत गेलीस तर मात्र मला खरंच वाईट वाटेल, कारण एका छोट्या बंद फाइलीपायी तू सगळं घर परक्याच्या ताब्यात दिलेलं असेल. पुढचा लॅपटॉप घेताना इंटेल ग्राफिक्सचा जुना बघू, मग ट्रिस्केल सुखानं चालेल.

उरलं हार्डवेअर. गादीवर ठेवून वापरायचं बंद कर, खालची जाळी झाकली जाते. ‘सेन्सर्स’ चालवून तापमान बघत जा. एका रात्री मेमटेस्ट लावून झोप. सकाळी एक जरी लाल ओळ असली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढून पुन्हा तपास. डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल’ आहे; त्यात पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्यच हवा. प्रोसेसर इंटेलच्या स्कायलेक किंवा केबी लेक पिढीचा असेल तर जून २०१७ मध्ये डेबियननं दिलेला इशारा लक्षात ठेव: हायपर-थ्रेडिंग चालू असताना त्यातले काही प्रोसेसर अवचित चुकत. त्याचा इलाज मायक्रोकोड नावाच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये होता, आणि ट्रिस्केल तो देत नाही. उत्पादकाचं नवं बायोस घाल, नाहीतर बायोसमध्ये हायपर-थ्रेडिंग बंद कर.

आणि कृपा करून हे सगळं एकाच संध्याकाळी करू नकोस. एक बदल, मग दोन दिवस वापर, मग वहीत ओळ: काय बदललं, हँग झालं का, तेव्हा काय चालू होतं. पाच बदल एकदम केलेस आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोष ड्रायव्हरचाच निघाला तर फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर नोंदव. कार्डाचं नाव, कर्नल आणि मेसाची आवृत्ती, नोंदीतल्या त्या ओळी, आणि गडबड हमखास घडवायची रीत. ‘चालत नाही हो’ एवढंच लिहिलेल्याला तिथे उत्तर मिळणं कठीण, पण असं नीट लिहिलेलं कुणीतरी मन लावून वाचतं. इंग्रजीची काळजी करू नकोस, मसुदा मला पाठव, मी बघून देते.

आज रात्री फक्त दोन गोष्टी कर: ‘एलएसपीसीआय’ आणि ‘जीएलएक्स-इन्फो’. दोन्हीचा मजकूर फोटो न काढता कॉपी करून पाठव, म्हणजे मला शोधता येईल. रॅम घ्यायची का, ते त्यानंतर ठरवू.