उतरलेला कपडा आणि विकत घेतलेला कपडा

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने एक ऐतिहासिक नाटिका बसवली होती. मावळ्यांचे अंगरखे, सुरवारी, पगड्या असा सगळा जामानिमा भाड्याने आणला. माझ्या वाट्याला आलेल्या अंगरख्याला काखेत तीन ठिकाणी रफू केलेले होते, आणि गळ्याशी आधीच्या कुणा मावळ्याच्या तोंडचा रंग पक्का बसला होता. घामाच्या वासाबद्दल न बोललेले बरे. पण ते कपडे अंगावर चढवून आम्ही सर्वांनी हौसेने फोटो काढले आणि गावाकडे पाठवले. त्यानंतर पंधरा दिवसांनी मला एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी कोट हवा होता. “जुन्या बाजारात येता का?” असे मी याच मावळ्यांना विचारले, तेव्हा एकाला ग्रंथालयात काम निघाले, दुसऱ्याचे पोट दुखू लागले, आणि तिसरा, जो त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, तो म्हणाला, “अरे, तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर?”

दुसऱ्याने वापरलेला कपडा अंगावर घालण्याचीच जर लाज असेल, तर ती अंगरख्याच्या वेळी कोठे गेली होती? पदवीदान समारंभात जो काळा झगा घालून आपण आयुष्यातला सर्वांत मानाचा फोटो काढतो, तो आपल्याआधी किती पदवीधरांनी घातलेला असतो! लग्नातली शेरवानी हल्ली सर्रास भाड्याने आणतात आणि नवरदेवाला त्यात काही कमीपणा वाटत नाही. तेव्हा लाज कपड्याची नसावी, दुसऱ्याच कशाची तरी असावी. ती कशाची, हे शोधण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे. विषय समाजशास्त्राचा असला तरी सुरुवात घरापासून करणे मला भाग आहे.

माझी आई चार घरची धुणीभांडी करते. दर दिवाळीला त्या घरांतून आमच्याकडे कपड्यांचे गाठोडे येत असे. कपडे चांगले असत, पुष्कळदा आम्ही विकत घेऊ शकलो असतो त्याहून चांगले. सातवीत असताना मी त्यातला निळ्या चौकड्यांचा एक शर्ट घालून शाळेत गेलो. त्या घरचा मुलगा आमच्याच शाळेत होता. मधल्या सुट्टीत तो आला, माझ्या खिशावरून बोट फिरवून म्हणाला, “हा माझा ना?” त्याच्या मनात काही वाईट नव्हते. खिशावर पडलेला शाईचा डाग त्याने ओळखला, इतकेच. पण तो शर्ट मी पुन्हा घातला नाही. आईने कारण विचारले तेव्हा घट्ट होतो म्हणून सांगितले. तिने काखेची शिवण उसवून तो सैल करून दिला, आणि मग मला रडू आले.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. वस्तुतः वापरलेला कपडा ही आपल्याला परकी गोष्ट नाही. मूल जन्मले की त्याला नव्या कोऱ्या कापडात गुंडाळत नाहीत. आजीचे नेसून नेसून मऊ झालेले सुती लुगडे फाडून त्याची दुपटी करतात. नवे कापड त्याच्या कातडीला बोचेल, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले वस्त्र जुनेच होते. थोरल्याचा सदरा धाकट्याला, आईची साडी लेकीला, आणि शेवटी सगळ्यांचे मिळून गोधडीत, असा कपड्याचा प्रवास घरोघरी चालत आलेला आहे. जुन्या नेसत्या वस्त्राला मराठीत ‘जुनेर’ असा चांगला, घरगुती शब्द आहे. त्यात तुच्छता नाही. तुच्छता ‘लक्तर’ या शब्दात आहे, आणि ‘उतरलेले’ या शब्दात तर आणखी काही आहे. कोणाच्या तरी अंगावरून उतरून ते आपल्याकडे येते, म्हणजे आपण खालच्या पायरीवर उभे आहोत, हे त्या शब्दातच बसलेले आहे.

ही पायरी नुसती कल्पनेतली नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे ही मृतांची वस्त्रे असावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे, सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे म्हटले आहे. उष्टे आणि जुनेर ही जोडी तेथे एका दमात येते. जुना कपडा देणे ही नुसती दया नव्हती, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा रोज नव्याने पक्की करण्याची ती रीत होती. डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तेथे जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जातीची खूण पटवणारे दागिने टाकून देण्यास सांगितले. कपडा हा प्रश्न किती खोल आहे, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा ज्या घरांनी उतरलेले कपडे घ्यायचे नाकारले, त्यांची लाज ही लाज नव्हतीच, तो स्वाभिमान होता. “काय त्यात एवढं, घालावेत जुने कपडे” असे ज्यांना कधी गाठोडे मिळाले नाही त्यांनी सहज म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) जन्मभर चिंध्यांचे जोडलेले वस्त्र पांघरून हिंडले. बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेली वस्त्रे गोळा करून, धुऊन, शिवून चीवर करण्याची चाल होती. त्याला ‘पांसुकूल’ म्हणत. मनुस्मृतीतले मृताचे वस्त्र आणि भिक्षूचे स्मशानातले वस्त्र, कापड म्हणून त्यांत काय फरक आहे? फरक एवढाच की एक लादलेले आहे आणि दुसरे निवडलेले आहे. सातवीतला तो शर्ट मला का टोचला, याचे उत्तर मला येथे सापडले. तो मी निवडला नव्हता. तो मला मिळाला होता, आणि ज्याच्याकडून मिळाला तो समोर उभा होता.

आता बाजाराकडे वळू. आपल्या दारी येणारी बोहारीण डोक्यावरच्या पाटीत स्टीलची भांडी आणते आणि जुन्या कपड्यांवर ती देते. दोन पँटी आणि साडी घेऊन ती एक पातेले देऊ करते, घरची बाई डबा मागते, अर्धा तास घासाघीस चालते. मुंबई-पुण्यात या धंद्यात गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजे देवीपूजक, समाजाच्या बायका बऱ्याच आहेत. बोहारणीची पारख पाहण्यासारखी असते. ती कपडा उलटा करते, काखेची शिवण ताणते, पँटची बूड उजेडाकडे धरते. पँटला ती साडीपेक्षा अधिक मोल देते, कारण पँट पुन्हा विकली जाते. खऱ्या जरीच्या जुन्या शालूला मात्र वेगळा भाव असतो, कारण तो जाळून त्यातली चांदी काढणारे लोक आहेत. दारावरून उचललेला माल मग बाजारात जातो. दिल्लीच्या रघुबीर नगरमध्ये असा मोठा बाजार पहाटे उजाडायच्या आत भरतो. लूसी नॉरिस या अभ्यासिकेने या व्यवसायावर लिहिलेले पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले आहे. जिज्ञासूंनी ते मिळवून वाचावे. तेथे माल घेणारे लोक तो धुतात, रफू करतात, बटणे लावतात, इस्त्री करतात आणि आठवडी बाजारांत नेऊन विकतात. जे घालण्याजोगे उरत नाही ते गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत यंत्रे पुसायला जाते. वाया काही जात नाही.

या साखळीत एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तेथेच आहे. कपड्याचा पहिला मालक पुसला जातो. घरच्या बाईने कपडा फुकट दिला नाही, त्याचे भांडे घेतले. बोहारणीने तो विकला. शिवणाऱ्याने त्यावर श्रम केले. शेवटी मी पैसे मोजतो. आता “हा माझा ना?” असे म्हणण्याचा हक्क कोणालाही उरत नाही. ज्याने टाकला त्याला मोबदला मिळाला, ज्याने घेतला त्याने मोल दिले. माझ्या आईला मिळालेल्या गाठोड्यात कपडे हेच असत, पण हा हिशेब पुरा होत नसे. ती दुसऱ्या दिवशी त्याच घरी भांडी घासायला जात असे, आणि आजारी पडली तरी सुट्टी मागायला कचरत असे.

परदेशांतही हे सुटलेले नाही. घाना देशात आक्रा शहरी कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. युरोप-अमेरिकेतून तेथे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. या कपड्यांना तेथील लोकांच्या भाषेत जे नाव पडले त्याचा अर्थ ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ असा होतो. इतके चांगले कपडे जिवंतपणी कोण कशाला टाकील, असा त्यामागचा तर्क! १ जानेवारी २०२५ च्या रात्री लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला. आपल्याकडे परदेशी जुने कपडे विक्रीसाठी आणण्यावर परवान्याचे बंधन आहे. पानिपतला लोकरीचे जे जुने कपडे येतात ते आधीच चिरलेले असावे लागतात. तेथे ते रंगांप्रमाणे निवडतात, बटणे-चेन काढतात, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि ब्लँकेटे विणतात. पूर-भूकंपात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे पुष्कळदा अशी बनलेली असतात.

स्वच्छतेची शंका रास्त आहे. तिची टिंगल मी करणार नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरोघरचे कपडे आणि अंथरुणे जाळण्यात आली होती. परक्या कपड्याचे भय आपल्या मनात आहे, त्याला असा इतिहासही असू शकेल. पण आज आपल्याला अधिक ठाऊक आहे. खरजेचा किडा माणसाच्या कातडीपासून दूर झाला की साधारण दोन-तीन दिवसांहून जास्त जगत नाही, आणि ५० अंशांच्या वरच्या गरम पाण्यात दहा मिनिटांत मरतो. सुती कपडा कडकडीत पाण्यात साबण घालून भिजवावा, कडक उन्हात वाळवावा, शिवणींवरून गरम इस्त्री फिरवावी, एवढे पुरते. लोकरीच्या कोटाला गरम पाणी चालत नाही. तो आधी पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावा, मग दोन-तीन दिवस उन्हात उलटा टांगावा आणि ओला फडका ठेवून वाफेची इस्त्री करावी. खरेदी करताना कॉलरची घडी, काखा, बूड आणि चेन या चार जागा पाहाव्यात. कापड उजेडापुढे धरले की विरलेला भाग आपोआप दिसतो. कसर लागलेला लोकरी कपडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, घरातले बाकीचेही जातात. आतली वस्त्रे मात्र नवीच घ्यावीत. तेथे तत्त्वज्ञान नको.

हल्ली जुने कपडे घालण्याच्या बाजूने पाण्याचा हिशेब सांगतात. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा अंदाज नेहमी दिला जातो. हिशेब महत्त्वाचा आहे, पण त्याने लाज जात नाही. माझा मित्र पाण्याच्या भीतीने जुन्या बाजारात यायचा थांबला नव्हता.

शेवटी मी एकटाच गेलो. पुण्याच्या मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. जुनी घड्याळे, नळाच्या तोट्या, स्क्रू, पितळेच्या मूर्ती, आणि मधूनच कपड्यांचे ढीग. पहिली दहा मिनिटे मी घड्याळे पाहत असल्याचे सोंग केले. मग एका मावशींच्या ढिगात राखी रंगाचा कोट दिसला. बोहारीण पाहते तसा मी तो उलटा केला, काखा ताणल्या, उजेडाकडे धरला. त्यांनी ६०० रुपये सांगितले. मी बाहीचे तुटके बटण दाखवले. “बटणाचे दहा रुपये कमी कर, कोटाचे कशाला करतोस?” त्या म्हणाल्या. मी निघालो, त्यांनी हाक मारली, मी परत आलो. असे दोनदा झाले आणि २५० वर सौदा ठरला. या घासाघिशीत केव्हातरी माझी लाज गळून पडली. कोणता क्षण ते सांगता येत नाही, पण पैसे मोजून दिले तेव्हा ती नव्हती एवढे खरे. नाक्यावरच्या शिंप्याने १५० रुपयांत खांदे आणि बाह्या बसवून दिल्या.

परत येताना बाजाराच्या टोकाशी आमच्याच वर्गातला एक जण भेटला, हातात जुन्या जीनच्या दोन पँटी घेतलेला. आम्ही दोघेही क्षणभर थबकलो. मग त्याने माझ्या कोटाचे कापड दोन बोटांत धरून पाहिले आणि “कितीला?” असे विचारले.

मुलाखतीच्या सकाळी महाविद्यालयाच्या जिन्यात आमचे सर भेटले. “कोट छान बसलाय. कुठं शिवलास?” मी खरे ते सांगितले, किमतीसकट. सरांनी जरा इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, “बुधवारी असतो की रविवारी?” दोन्ही दिवशी असतो, सर. पण कोट पाहायचा असेल तर रविवारी सकाळी लवकर जावे. उशिरा गेले की मोठ्या मापाचे उरत नाहीत.