जुने भयखेळ आज कसे खेळावेत? : भयानक रसाच्या अंगाने एक विचार

भर पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहालाच्या पायऱ्या जो उतरला आहे, त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला हा महाल उन्हाळ्यात पाहिला तर चार कमानी आणि थंडगार दगड एवढेच हाती लागते. नर-मादी धबधबे कोसळत असताना तोच पाहिला तर छातीत धडधडते. वास्तू तीच, दगडही तेच. पाहण्याची रीत व वेळ बदलली की अनुभव बदलतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने व्हिडिओ गेमसारख्या विषयाकडे वळावे याचे कारण हेच. जुने भयखेळ आज कोणत्या रीतीने खेळावेत हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. वस्तुतः तो रसास्वादाचा आहे.

प्रथम कोणत्या खेळांविषयी बोलावयाचे ते ठरवू. १९८९ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्वीट होम’ काढला. एका ओसाड वाड्यात अडकलेल्या पाच माणसांची ती कथा. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये ‘अलोन इन द डार्क’ निघाला, त्यातही वाडाच. १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाला व त्याची मूळ कल्पना ‘स्वीट होम’चीच नवी आवृत्ती करण्याची होती. १९९९ मध्ये कोनामी कंपनीचा ‘सायलेंट हिल’ आला आणि २००१ मध्ये त्याचा दुसरा भाग. येथे वाडा जाऊन धुक्यात बुडालेले एक गाव आले.

भरताने भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, घुबड-कोल्ह्यांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य यांची गणना केली आहे. ओसाड घर आणि विकृत आवाज! दीड-दोन हजार वर्षांनी जपानी कारागिरांनी नाट्यशास्त्र न वाचताच नेमकी तीच सामग्री जमविली. राक्षस हा आलंबन विभाव झाला. परंतु भय गडद होते ते उद्दीपन विभावांनी, आणि या खेळांत उद्दीपनाचे निम्मे काम यंत्राच्या दुबळेपणाने केले आहे. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

पहिल्या प्लेस्टेशनला (१९९४) विस्तीर्ण गाव एकदम उभे करण्याची ताकद नव्हती. म्हणून ‘सायलेंट हिल’च्या कर्त्यांनी दूरचे सगळे धुक्यात व अंधारात बुडविले. चार पावलांपलीकडचे दिसत नाही. खिशातला रेडिओ खरखरू लागतो तेव्हा काहीतरी जवळ आले आहे एवढेच कळते. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये खोल्यांची चित्रे आधीच तयार केलेली, म्हणून कॅमेरा एका जागी खिळलेला. कोपऱ्यापलीकडे पावले वाजतात, पण पाहता येत नाही. एका खोलीतून दुसरीत जाताना दार सावकाश उघडते. तेवढ्या अवधीत यंत्र तबकडीवरून पुढची खोली वाचून घेत असते, आणि खेळणारा मात्र श्वास रोखून बसतो.

आता रीतींकडे वळू. सर्वांत शुद्ध रीत म्हणजे मूळ यंत्र, मूळ तबकडी आणि काचेच्या नळीचा जुना दूरदर्शन संच. या खेळांचे चित्र सुमारे २४० ओळींचे. नळीच्या पडद्यावर त्या ओळी व ठिपके एकमेकांत मिसळून काळोख मऊ दिसतो. तेच चित्र आजच्या सपाट पडद्यावर ताणले की चौकटी-चौकटींचे होते आणि भुताऐवजी गणिताच्या वहीचे पान दिसू लागते. शिवाय आधुनिक संच चित्रावर संस्कार करण्यात क्षणाचा काही अंश घालवितो, त्यामुळे बटण दाबल्यावर पाऊल उशिरा पडते. संचात ‘गेम मोड’ असेल तर तो लावावा. आणखी एक मेख आपल्याकडच्यांनी ध्यानात ठेवावी. भारतात दूरदर्शनची पाल पद्धत, सेकंदाला ५० चित्रांची. जपान-अमेरिकेत ६० ची. पाल देशांसाठी काढलेल्या अनेक आवृत्त्या त्यामुळे सुमारे एक षष्ठांशाने मंद चालतात व वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. निवड करता येत असेल तर अमेरिकन किंवा जपानी आवृत्ती घ्यावी. अर्थात जुने यंत्र, जुना संच आणि धडकी तबकडी हे तिन्ही आज एका ठिकाणी जमविणे म्हणजे लग्न जमविण्यासारखेच अवघड.

दुसरी रीत एम्युलेटरची. एम्युलेटर म्हणजे संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग आणावयास लावणारी प्रणाली. प्लेस्टेशनसाठी ‘डकस्टेशन’, दुसऱ्या प्लेस्टेशनसाठी ‘पीसीएसएक्स २’. नळीच्या पडद्याचा आभास देणारे ‘शेडर’ही मिळतात, ते लावावेत. कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ संगणक-प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास हानीपासून बचावापुरती जादा प्रत काढू देते. कोणाचीही प्रत उचलण्याची मुभा त्यात नाही. तथापि व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारातून नाहीसे झाले आहेत. ‘स्वीट होम’ तर जपानबाहेर कधी अधिकृतपणे निघालाच नाही. तो इंग्रजीत आला हौशी मंडळींच्या भाषांतरामुळे. पुस्तक छपाईबाह्य झाले तरी ग्रंथालयात सापडते. या खेळांना ग्रंथालय कोठे आहे?

तिसरी रीत ‘सुधारून वाढविलेल्या’ आवृत्तीची, आणि येथे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याचे कान टवकारावेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. कोणती पोथी प्रमाण मानावयाची याची तेथे किती चिकित्सा झाली हे आपण शिकतो. ‘सायलेंट हिल २’ च्या बाबतीत अकरा वर्षांत पोथी हरवली! २०१२ ची एचडी आवृत्ती काढावयास घेतली तेव्हा कंपनीजवळ अंतिम स्वरूपातील मूळ संहिता शिल्लक नव्हती. अपूर्ण संहितेवरून काम करावे लागले. परिणामी धुके विरळ झाले आणि जे झाकावयाचे होते तेच उघडे पडले. ही आवृत्ती टाळावी. २००२ च्या संगणक-आवृत्तीवर हौशी अभ्यासकांनी केलेले दुरुस्तीचे काम तिच्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे. उलट ‘रेसिडेंट ईव्हिल’चे पहिले तीन भाग २०२४ मध्ये जीओजी या दुकानाने आजच्या संगणकावर चालतील असे, पण मूळ रूप न मोडता आणले. हॉस्टेलवरच्या साध्या संगणकासाठी हा सर्वांत सोपा मार्ग होय. मूळ खेळातील संवाद इतके कृत्रिम आहेत की हसू फुटते, आणि साहित्यदर्पणकाराने हास्य हा भयानकाचा विरोधी रस मानला आहे, हे मात्र सहन करावे लागेल.

चौथी रीत रीमेकची. तिला आपल्याकडे रूपांतर म्हणतात. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले, नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली. ती मुळाची प्रत म्हणून कोणी वाचत नाही, स्वतंत्रपणे वाचतो. २०१९ चा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ व २०२४ चा ‘सायलेंट हिल २’ हे याच जातीचे. कॅमेरा खांद्यामागे आला, खेळ निराळा झाला. मिकामींनी २००२ मध्ये आपल्याच पहिल्या खेळाचे केलेले रूपांतर मात्र अपूर्व आहे. कॅमेरा खिळलेलाच ठेवला, पण मारलेले प्रेत रॉकेल ओतून जाळले नाही किंवा त्याचे डोके उडाले नाही, तर ते काही वेळाने पुन्हा उठते, आणि आधीपेक्षा चपळ होऊन. ज्यांना वाडा पाठ होता त्यांचीच त्यात अधिक भंबेरी उडाली.

एवढे सगळे झाल्यावर सांगावयाचे ते पडद्याविषयी नाही. १९९६ च्या खेळात प्रगती जतन करावयाची तर टंकयंत्र गाठावे लागे आणि शाईची फीत खर्ची घालावी लागे. फिती मोजक्याच, आणि सामानाला ख्रिसजवळ सहाच जागा, जिलजवळ आठ. एम्युलेटरमध्ये मात्र वाटेल त्या क्षणी जतन करता येते व मेल्यावर तेथूनच उठता येते. ही सोय वापरली की धुके, ओळी, नळीचा पडदा सगळे शाबूत असूनही भय उरत नाही, कारण गमावण्यासारखे काही राहत नाही. चित्र थोडे खरखरीत असले तरी चालेल, संच सपाट असला तरी चालेल; ही एक कळ मात्र प्रणालीच्या मांडणीतून पहिल्याच दिवशी काढून टाकावी, कानावर हेडफोन चढवावेत, आणि खोलीतल्या मित्राला दिवा घालवावयास सांगावे.