कार्बनची संयुगे आणि खोकल्याचे औषध

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत बहुधा एखाद्या रोगाविषयी लेख असतो. या वेळी मी सेंद्रिय रसायनशास्त्र हा विषय घेतला आहे. आम्हा डॉक्टरांपैकी बहुतेकांनी तो परीक्षेपुरता पाठ केला आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षानंतर बाजूला ठेवला. इतर वाचकांना तर तो आपल्या कामाचा नाही असेच वाटत असेल. तथापि २०२५ साली आपल्याच प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात जे घडले, ते नीट समजून घ्यायचे तर या विषयाची पहिली दोन-तीन पाने पुन्हा उघडावी लागतात.

'सेंद्रिय' म्हणजे इंद्रिये असलेल्या सजीवांशी निगडित. असे पदार्थ केवळ सजीवांच्या शरीरातच, एखाद्या जीवनशक्तीमुळे तयार होतात, अशी पूर्वी समजूत होती. १८२८ साली फ्रीडरिख व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया तयार केला आणि त्या समजुतीला धक्का बसला. दोन्ही पदार्थांत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन व चार हायड्रोजन हेच अणू असतात. भिन्न असते ती फक्त त्यांची मांडणी. तेवढ्याने एक क्षार राहतो आणि दुसरा आपल्या मूत्रात आढळणारा युरिया होतो.

हे शक्य होते ते कार्बनच्या स्वभावामुळे. कार्बनच्या अणूला जणू चार हात असतात. तो इतर अणूंशी हातमिळवणी करतो, तशीच स्वतःच्या भाईबंदांशीही करतो आणि लांब साखळ्या व कडी तयार करतो. शर्करा, स्निग्ध पदार्थ, प्रथिने व डीएनए ही सारी याच साखळ्यांची कुळे होत. साखळीला कोणता गट कोठे जोडलेला आहे, यावर पदार्थाचे गुण ठरतात. ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा मिळून होणारा हायड्रॉक्सिल गट जोडला गेला की लहान रेणू पाण्यात सहज मिसळतो आणि असे गट एकाहून अधिक असले की पुष्कळदा चवीला गोड लागतो. ग्लुकोज, ग्लिसरॉल व ग्लायकॉल या तिन्ही नावांच्या मुळाशी 'गोड' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे.

आता चार द्रव शेजारी शेजारी ठेवून पाहू. चारही रंगहीन, दाटसर, गोडसर आणि पाण्यात पूर्ण मिसळणारे आहेत.

पहिला ग्लिसरॉल, म्हणजे आपले ग्लिसरीन. तीन कार्बन आणि प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल गट. आपल्या शरीरातील चरबीचा तो कणाच आहे. यकृत त्यापासून ग्लुकोजही बनवते.

दुसरा प्रॉपिलीन ग्लायकॉल. तीन कार्बन, पण हायड्रॉक्सिल गट दोनच. शरीरात त्याचे मुख्यतः लॅक्टिक आम्ल होते आणि ते नेहमीच्या चयापचयात सामावून जाते. अनेक औषधे पाण्यात पुरेशी विरघळत नाहीत. म्हणून पातळ औषधांत हे दोन द्रव ठरावीक प्रमाणात द्रावक म्हणून वापरतात.

तिसरा इथिलीन ग्लायकॉल. दोन कार्बन, दोन हायड्रॉक्सिल गट. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो. दुसऱ्या द्रवाहून केवळ एक कार्बन कमी. परंतु यकृतात त्याचे शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचा कॅल्शियमशी संयोग होतो आणि मूत्रपिंडात खडे स्फटिक साचतात.

चौथा डायइथिलीन ग्लायकॉल. तिसऱ्या द्रवाचे दोन रेणू ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेले. हा पूल आपल्या शरीरातील विकरांना सहसा मोडता येत नाही. त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल होते आणि ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. आरंभी उलट्या व पोटदुखी, मग लघवी कमी होत जाऊन बंद, आणि पुढे मज्जासंस्थेवर आघात, असा त्याचा क्रम असतो. व्होलरने बनवलेला तोच युरिया मग मुलाच्या रक्तात साचू लागतो.

औद्योगिक वापराचा हा चौथा द्रव स्वस्त असतो. पिंपावरची चिठ्ठी चुकीची असली किंवा कोणी लबाडी केली, तर डोळे, नाक व जीभ यांना फरक कळत नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध याच द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. १९३८ चा तेथील औषध कायदा त्यातून आला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ साली गांबियात सुमारे ७० बालके गेली. २०२५ साली छिंदवाड्यात व आसपास वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला नेले होते. सरकारी तपासणीत त्या औषधाच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण शेकडा ४८.६ आढळले. मान्य मर्यादा शेकडा ०.१ आहे.

जे काम जीभ करू शकत नाही ते प्रयोगशाळा करते. क्रोमॅटोग्राफीने हे चार द्रव वेगळे ओळखता येतात. म्हणून कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी हा कागदी सोपस्कार मानता येणार नाही. मूल आणि विष यांच्यामध्ये तेवढी एकच भिंत उभी असते.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती अशी, की सर्दी-तापाच्या मुलाची लघवी कमी झाली तर कोणते पातळ औषध दिले ते त्याच दिवशी विचारावे, बाटली जपून ठेवण्यास सांगावे आणि क्रिएटिनिन तपासावे. वेळीच निदान झाले तर फोमेपिझोलने यकृतातील विकर रोखता येते आणि डायलिसिसने विष काढता येते.

पालकांना सांगायचे ते थोडक्यात सांगतो. लहान मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, अशी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाची २०२५ ची सूचना आहे. अंगावरचे दूध, कोमट पेये, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि एक वर्षावरील मुलास चमचाभर मध एवढे बहुधा पुरते. मात्र श्वास जलद चालत असेल, मूल पीत नसेल किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर औषधाच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे. घरात उरलेली जुनी बाटली, ती कितीही गोड असली तरी, दुसऱ्या मुलाला देऊ नये.