रक्तातील विळा

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला नंदुरबार जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा करण्यात आला. त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, दक्षिणेकडील सपाटीतून तापी वाहते, आणि या दोन नद्यांच्या दरम्यान सातपुड्याच्या रांगा पसरल्या आहेत. या डोंगरांत भिल्ल, पावरा इत्यादी कष्टाळू लोकांची वस्ती आहे. ज्वारी कापणीला आली की येथील घरोघरचे विळे शेतावर जातात. परंतु या जिल्ह्यात दुसराही एक विळा आहे. तो लोखंडाचा नाही व नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. तो काही माणसांच्या रक्तात असतो.

घर जसे विटांचे, तसे प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. सर्व पेशी सारख्या नसतात. जिचे जसे काम, तसा तिचा आकार. रक्तातील तांबड्या पेशीचे काम प्राणवायू वाहून नेण्याचे आहे. ही पेशी वाटोळी, चपटी आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी किंचित खोलगट असते. एका घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे ५० लाख पेशी असतात. हाडांतील मगजात त्या तयार होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. त्या इतक्या लवचीक असतात की, स्वतःहून अरुंद अशा केशवाहिनीतूनही अंग मुडपून पार होतात.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. रक्ताला तांबडा रंग येतो तो त्यामुळेच. फुप्फुसात ते प्राणवायू धरते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन सोडते. काही माणसांच्या हिमोग्लोबिनच्या घडणीत जन्मतःच एक बारीकसा फरक असतो. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडताच त्याचे कण एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात. मग वाटोळी पेशी ताणली जाते, ताठ होते आणि विळ्यासारखी वाकडी दिसू लागते. या विकाराला सिकलसेल म्हणतात. ‘सिकल’ म्हणजे विळा आणि ‘सेल’ म्हणजे पेशी.

ताठ झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढील भागास रक्त मिळेनासे होते आणि हातपाय, सांधे, पाठ यांत असह्य वेदना उठतात. शिवाय अशी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. तितक्या वेगाने नव्या पेशी तयार होऊ शकत नाहीत. म्हणून रोग्याला पंडुरोग जडतो, थोड्या श्रमाने धाप लागते आणि इतर रोगही लवकर गाठतात.

या पेशींचे पहिले वर्णन जेम्स हेरिक या शिकागोच्या डॉक्टरांनी १९१० साली प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष हिमोग्लोबिनच्या कणातच आहे. पुढे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका शोधून काढला. हिमोग्लोबिनमधील एक साखळी १४६ घटकांची असते; तिच्यातील सहाव्या स्थानी एका घटकाच्या जागी दुसरा येतो. बदल एवढाच; पण त्याने साऱ्या देहाला क्लेश होतात!

हा बदल येतो कोठून? शरीराच्या घडणीच्या सूचना जनुकांत असतात. हिमोग्लोबिनच्या या साखळीचे एक जनुक मातेकडून व एक पित्याकडून मिळते. एकच जनुक बदललेले असेल, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो व सर्व कामे करू शकतो. दोन्ही जनुके बदललेली असतील तरच हा विकार होतो. मातापिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतीत विकाराचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि दोषमुक्त असण्याचा चारांत एक असतो. म्हणून अशा अपत्याबद्दल एकट्या मातेला बोल लावणे हा अन्याय होय. हा विकार स्पर्शाने होत नाही, सहभोजनाने होत नाही. तो कोणाच्या शापाचे किंवा पापाचे फळही नव्हे.

तो एखाद्या जमातीचे न्यूनही नव्हे. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा प्रदेश आणि महाराष्ट्रात विदर्भ येथेही तो आढळतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, वाहकाला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या प्रदेशांत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले, तेथे वाहक तगून राहिले आणि ते जनुकही टिकले. एके काळी ज्याने प्राण राखले, तेच दुहेरी आले म्हणजे प्राणांवर बेतते.

रक्ताच्या काही थेंबांच्या तपासणीने वाहक कोण व रोगी कोण हे कळते. विवाहापूर्वी दोघांनीही तपासणी करून घेतल्यास पुढचा विचार वेळीच करता येतो. रोग्याने भरपूर पाणी प्यावे, अतिश्रम व थंडी टाळावी आणि वैद्यकीय सल्ल्याने औषधे नियमित घ्यावीत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. मुलाला ताप आला, तीव्र वेदना उठल्या किंवा धाप लागली, तर त्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या विकाराच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. २०४७ हे तिच्या उद्दिष्टाचे वर्ष आहे.

शेतातील विळा जाणत्या हाती शोभतो. रक्तातील विळ्याची धारही ज्ञानानेच बोथट होते. सातपुड्यातील ज्या घरी हे ज्ञान पोहोचते, तेथे आजारी मुलाला दोष लागत नाही. त्याला वेळेवर औषध मिळते.

स्वाध्याय

१. तांबड्या पेशीचा आकार तिच्या कामास कसा उपयोगी पडतो?
२. वाहक आणि रोगी यांतील भेद सांगा.
३. ‘अशा अपत्याबद्दल एकट्या मातेला बोल लावणे हा अन्याय होय.’ का?
४. वाक्यात उपयोग करा : बोल लावणे, तगून राहणे, प्राणांवर बेतणे.