खांदा धरू नये म्हणून



पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तुपाने चोळून शेकण्याची चाल मराठी मुलखात जुनी आहे. बैलाचा खांदा आला की औत थांबते, हे सर्वांना ठाऊक असते. माणसाच्या खांद्याबाबत मात्र हात वर जाईनासा झाल्यावरच आपण जागे होतो. धार-देवासकडे सोयाबीनच्या काढणीपाठोपाठ गहू-हरभऱ्याची पेरणी येते. खाली निमाडात कुक्षी-मनावरकडे कपाशीची वेचणी चालते. ऐन हंगामात घरातला एक कर्ता हात बसला, तर मजूर लावावा लागतो किंवा मजुरी बुडते. म्हणून खांदा कशाने बिघडतो व कशाने टिकतो, हे या धड्यात पाहू.

खांद्याची रचना

मांडीचे हाड खुब्याच्या खोल वाटीत पक्के बसते. खांद्याची वाटी उथळ, बशीसारखी असते. म्हणून हात चहूकडे फिरतो. पण हाडाचे गोल डोके जागेवर धरण्याचे काम चार लहान स्नायूंना करावे लागते. त्यांतील एकाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडाच्या छपराखालून जाते. हात डोक्याच्या वर नेऊन पुन्हापुन्हा काम केले की ती दुखावते, सुजते, आणि उतारवयात झिजून फाटूही शकते.

दुसरी गोष्ट अंतराची. भरलेली बादली अंगालगत धरा व मग तीच हात लांब करून धरा. वजन तेच, पण खांद्यावरचा ताण कितीतरी वाढतो. खांदा राखण्याचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

रोजच्या सवयी

१. ओझे अंगाजवळ ठेवावे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, डीएपीची ५० किलोची. गोणी एकट्याने हिसका देऊन खांद्यावर घेऊ नये, दोघांनी उचलावी. पाण्याची घागर नेहमी एकाच कुशीवर न घेता बाजू बदलावी.

२. फवारणीचा पंप जमिनीवरून पाठीवर ओढू नये. १६ लिटरचा पंप भरला की नुसते पाणीच १६ किलो होते. पंप कमरेइतक्या उंच ओट्यावर ठेवून दोन्ही पट्ट्यांत हात घालावे व मग उभे राहावे. खांदा दुखत असेल तर १० लिटरच भरावे. औषधही त्याच मापाने कमी घ्यावे. पट्टीखाली कापडाची घडी घातली असेल, तर ती औषधाने भिजताच काढावी व कातडी साबणाने धुवावी.

३. जड वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवाव्या. पिठाचा डबा, तेलाचा पिंप फडताळाच्या वरच्या फळीवर असेल, तर घरची बाई दिवसातून चार वेळा हात ताणते. कपड्यांची दोरीही खाली बांधावी. उंचावरचे काम करताना पाट किंवा पक्की घोडी घ्यावी.

४. विळ्याला धार असावी. बोथट विळ्याने प्रत्येक मुठीला हिसका बसतो आणि तो खांद्यातच जातो. तासाभराने दोन मिनिटे पाठ सरळ करून खांदे मागे फिरवावे.

५. दुखऱ्या कुशीवर, किंवा हात डोक्याखाली घेऊन झोपू नये. उताणे झोपावे, नाहीतर चांगल्या कुशीवर वळून दुखरा हात उशीवर ठेवावा.

धरलेला खांदा

आम्ही पुष्कळदा पाहतो की खांदा दुखू लागला की माणूस हात गळ्यात बांधतो आणि महिनाभर हलवीत नाही. हीच मोठी चूक. न हलवलेला सांधा आखडतो. ‘गोठलेला खांदा’ हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले. हा विकार बहुधा चाळीस ते साठ या वयात, बायकांना अधिक, आणि मधुमेह्यांना विशेषेकरून होतो. तो निवळायला एक ते तीन वर्षेही लागतात.

घरच्या घरी ओळखावे असे: क्रुसाची खूण करताना उजवा हात कपाळापर्यंत व डाव्या खांद्यापर्यंत सहज जातो का? दोन्ही हात पाळीपाळीने पाठीमागे कमरेवर जातात का? जात नसेल, तर दुसऱ्याने तो हात हळू उचलून पाहावा. दुसऱ्यालाही उचलता आला नाही, तर सांधा आखडला असावा. त्याला उचलता येतो पण स्वतःला येत नाही, तर कंडरा फाटली असण्याची शंका घ्यावी.

व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. चांगला हात खाटेवर टेकून वाकावे, दुखरा हात मोकळा सोडावा व घड्याळाच्या लंबकासारखा झुलवावा. मग लहान गोल फिरवावे, दहा उजवीकडून, दहा डावीकडून, दिवसातून तीनदा. पुढे भिंतीवर बोटे चालवीत वर न्यावी व पोहोचेल तेथे कोळशाची खूण करावी. आधी दहा मिनिटे शेकावे. मधुमेह्यांनी शेक किती गरम आहे हे दुसऱ्याकडून पाहून घ्यावे, कारण त्यांना चटका कळत नाही. पडून झालेल्या ताज्या दुखापतीत हा व्यायाम करू नये.

डॉक्टरकडे केव्हा?

पडल्यानंतर हात उचलत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल, ताप व सूज असेल, किंवा बोटे बधिर होत असतील, तर हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये. जिल्हा रुग्णालय गाठावे. डाव्या खांद्याबरोबर छाती दाटून घाम सुटला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. लगेच १०८ ला फोन करावा. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे खाऊ नयेत. त्या पोट व मूत्रपिंड बिघडवतात. तिशी उलटलेल्या सर्वांनी रक्तातील साखर तपासून घ्यावी. आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी विनामूल्य होते.

घरी उजळणी करा

१. आपल्या घरात कोणती जड वस्तू डोक्याच्या वर ठेवलेली आहे? ती आजच खाली घ्या.
२. घरात कोणाचा हात पाठीमागे जात नाही? त्याची साखर तपासली आहे का?
३. दुखरा खांदा बांधून ठेवणे का वाईट, हे मुलांना सांगा.