स्टुडिओला पहिले पत्र

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत उपयोजित कलेचा विभाग १९३५ साली सुरू झाला. आज अशा अनेक संस्थांतून आपली मुले ग्राफिक डिझाइन शिकतात. त्यांचा हात चांगला असतो. अडते ते ओळखीपाशी. डिझाइन स्टुडिओत कोणाचे काका-मामा बसलेले नाहीत. तेव्हा पत्र हीच ओळख.

आम्ही बँकेत रोज अर्ज पाहतो. 'आपल्या नामांकित संस्थेत' अशी सुरुवात झाली, की तेच पत्र पंचवीस ठिकाणी गेले आहे हे वाचणाऱ्याला कळते. त्यापेक्षा एक स्टुडिओ निवडावा, त्याचे काम नीट पाहावे. उदाहरणार्थ, मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतो. तो वापरून एखादे पोस्टर करावे आणि जोडाक्षरांत, वेलांटीत काय साधले, कुठे अडले, ते दोन ओळींत लिहावे. असे पत्र सहसा बाजूला टाकले जात नाही.

सोबत पाच-सहाच कामे जोडावीत. कच्ची रेखाटनेही द्यावीत. विचार कसा चालला ते त्यांतच दिसते. गटाच्या कामात आपला वाटा किती, हे प्रामाणिकपणे लिहावे. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी आठवण करावी, पण एकदाच.

आणि मानधनाचे काय? कल्याणहून येणाऱ्या मुलाला रेल्वेचा पास काढावाच लागतो; विचारण्यात लाज कसली? महिने किती, तास किती, पैसे किती, आणि केलेले काम पुढे स्वतःचे म्हणून दाखवता येईल का, हे रुजू होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.