एमएस : प्रतिकारशक्ती दाबून मज्जातंतू कसे वाचतात?

आमच्या ईलिंगमधल्या एका मावशींच्या मुलीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झाल्याचे निदान झाले. मावशींनी मला विचारले, "डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देणार म्हणतात. त्याने पोरीच्या नसा कशा वाचणार?" प्रश्न रास्त आहे. (आपल्या लोकांना हा आजार होत नाही, हा समज मात्र सोडावा. भारतातून आलेल्या पिढीत तो कमी दिसतो. इथे जन्मलेल्या मुलांत प्रमाण वाढते.)

एमएसमध्ये आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेंदूत व मज्जारज्जूत शिरून मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन कुरतडतात. वेष्टन थोडेफार पुन्हा चढते. आतला तंतू तुटला, तर तो परत येत नाही.

केंब्रिजच्या डॉक्टरांनी १९९१ पासून अ‍ॅलेम्टुझुमॅब हे औषध एमएसच्या रुग्णांना देऊन पाहिले. ते या पेशी जवळजवळ पुसून टाकते. जुन्या रुग्णांत दाह थांबला, तरी अपंगत्व वाढतच गेले. तंतू आधीच गेले होते. म्हणून पुढे आजार नुकता सुरू झालेल्यांना ते दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३३४ रुग्णांच्या चाचणीत, इंटरफेरॉनच्या तुलनेत झटके ७४ टक्क्यांनी घटले. शिवाय अपंगत्व सरासरीने थोडे कमीच झाले.

हे कसे? २०१० मध्ये केंब्रिजच्याच गटाला दिसले की औषधानंतर नव्याने वाढलेल्या पेशी मायलिनशी गाठ पडताच मज्जातंतूंना पोसणारी द्रव्ये सोडतात. त्या द्रव्यांत उंदरांच्या मज्जापेशी जास्त जगल्या, त्यांचे तंतूही वाढले. काल मोडतोड करणारेच आज डागडुजीला लागावेत, तसे! पण हे प्रयोगशाळेतले आहे; माणसाच्या मेंदूतही नेमके असेच घडते, असे त्यावरून म्हणता येत नाही. मला खात्रीचे वाटते ते एवढेच : हल्ला लवकर थांबला, तर अधिक तंतू वाचतात.

अ‍ॅलेम्टुझुमॅबची किंमतही मोजावी लागते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना थायरॉइडचा विकार जडतो. शिवाय शेवटच्या डोसनंतर चार वर्षे दरमहा रक्त-लघवी तपासावी लागते. पक्षाघात व हृदयविकाराच्या घटनांमुळे २०१९ पासून त्याचा वापर मर्यादित केला आहे. आता ऑक्रेलिझुमॅबसारखी, सहा महिन्यांनी एकदा सलाइनमधून द्यायची औषधेही आहेत.

मावशी, औषध कोणते याबरोबर ते कधी सुरू होणार, हेही डॉक्टरांना विचारा. मुलीला मूल हवे असेल तर तेही आधीच सांगा. राहिलेल्या लसींची चौकशी पहिल्या डोसआधीच करा. काही लसी नंतर देता येत नाहीत.